विळा तांबडा झाला, तर

शाळेत शिकलेलं किती दिवस पुरतं, असा विषय घरात निघाला की आजोबा १ एप्रिल १९५७ वर येतात. त्या दिवशी नवे पैसे आले. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया रातोरात शंभर पैशांचा झाला. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि ‘फायनल’ झालेले होते. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे सातवीची परीक्षा. ती पास झाली की गडी मास्तर किंवा तलाठी व्हायला पुरेसा शिकला, असं आमच्या निफाड तालुक्यात तरी सगळे धरून चालत. त्या शिक्षणात पाढ्यांचा वाटा मोठा, आणि पाढे म्हणजे नुसते तीसपर्यंतचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ‘सतरा औटं?’ असं गुरुजींनी विचारलं आणि उत्तराला उशीर झाला की निंबाचा फोक यायचा. आजोबांना आजही विचारा, डोळे मिटून ‘साडेएकोणसाठ’ म्हणतात. चुकत नाहीत.

‘फोक खाऊन शिकलो, अन् सरकारनं एका दिवसात निकाली काढलं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणे गेले, मागोमाग मण, शेर आणि छटाकही गेले. चाळीस शेरांचा मण आणि सोळा छटाकांचा शेर सांभाळायलाच तर ती पाव-पाऊण-सव्वाची पलटण उभी केलेली होती. बाजार समितीत क्विंटल आले आणि पलटण घरी बसली.

अगदीच घरी बसली असं मात्र नाही. शंभराला सोळांनी भागलं तर एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात. पाव पैसा कोण कुणाला देणार? म्हणून सरकारने तक्ता काढला. आण्याला ६ नवे पैसे, तीन आण्यांना १९. आजोबांच्या डोक्यात सवायकी होतीच. त्यांनी तीन आण्यांची विडी-काडी एकदम घ्यायची सोडून एकेक आण्याची तीनदा घ्यायला सुरुवात केली. तीन सक अठरा. एक पैसा वाचला. आठवड्याभरात दुकानदाराच्या ते लक्षात आलं आणि त्याने यांना ओट्यावरून खाली उतरवलं. ही गोष्ट सांगताना आजोबांना जेवढा आनंद होतो तेवढा द्राक्षाला चांगला भाव मिळाल्यावरही होताना मी पाहिला नाही.

२०२४ च्या जूनमध्ये मी याच तालुक्यातल्या एका शाळेत गणित-विज्ञानाचा शिक्षक म्हणून रुजू झालो. शिक्षक नव्हे, ‘शिक्षण सेवक’. तीन वर्षं मानधनावर, दरमहा १८,००० रुपये. पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरून, यादीची वाट पाहून, कागदपत्रांच्या पडताळणीच्या रांगेत उभं राहून मिळालेली नोकरी. आजोबांनी आकडा ऐकला, छाटणीच्या टोळीची उक्ती मजुरी मनातल्या मनात मांडली आणि एवढंच म्हणाले, ‘सावलीतलं काम आहे.’

रुजू झाल्यावर हातात पडलं ते वेळापत्रक, हजेरीपट आणि टाचणवही. वर्गातली निम्मी पोरं द्राक्षबागायतदारांची, उरलेली त्याच बागांमध्ये काम करणाऱ्यांची. दहावीला वर्गसमीकरणं सुरू केली आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, जो नव्या शिक्षकाला येतोच, ‘सर, हे पुढं कुठं लागतं?’

शिक्षकखोलीत यावर एक तयार उत्तर होतं. ‘बोर्डाला लागतं म्हणून सांगा, विषय मिटतो.’ दुसरं उत्तर वऱ्हांड्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेलं, सगळं शिक्षण जीवनोपयोगी आहे अशा अर्थाचं. मला पहिलं उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं. दुसरं सरळ खोटं आहे. औटकी जीवनोपयोगी होती, म्हणून तर फोक होता, आणि ती १९५७ नंतर विडीच्या दुकानापुरती उरली. एखादा विषय पुढे कुणाला, कुठे, किती वर्षांनी लागेल हे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनाही सांगता आलेलं नाही. वर्गसमीकरणाच्या प्रश्नाला मी ‘मला माहीत नाही’ असं उत्तर दिलं. पोरांना ते फार आवडलं.

विज्ञानाला मात्र वेगळाच प्रकार झाला. विस्थापन अभिक्रियेचा पाठ होता. परीक्षानळीत मोरचुदाचं निळं द्रावण, त्यात लोखंडी खिळा. थोड्या वेळाने खिळा बाहेर काढला, त्यावर तांबूस थर. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते द्रावणातल्या तांब्याला हुसकावून त्याच्या जागी बसतं आणि मोकळं झालेलं तांबं खिळ्यावर चढतं. मी फळ्यावर समीकरण लिहीत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, ‘सर, असा तांबडा विळा आला तर फवारायचं नसतं.’

वर्गात हशा पिकला. हसला नाही तो मीच, कारण हा विळा आमच्याही घरचा होता.

बोर्डो मिश्रण करताना मी आजोबांना लहानपणापासून पाहिलंय. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मोरचूद आदल्या रात्री पाण्यात टांगून ठेवायचा, तोही प्लास्टिकच्या पिंपात, लोखंडी पिंपात कधीच नाही. चुना वेगळा विरवायचा, गाळून घ्यायचा. मग दोन्ही एकत्र करायचे, काठीने ढवळत राहायचं, आणि आकाशासारखा निळा रंग आला की आजोबा कमरेचा विळा काढून पात्याचं टोक आत बुडवत. थोडा वेळ धरून बाहेर काढत आणि उन्हात तिरका करून पाहत. पातं जसंच्या तसं असेल तर पंप भरायचा. तांबडी झाक दिसली तर चुना कमी पडला, अजून निवळी टाकायची. आता लिटमसचा कागद मिळतो, काहींच्या खिशात सामू मोजायचं यंत्रही असतं. आजोबांना विळाच पुरतो.

विळा का तांबडा होतो हे त्यांना माहीत नव्हतं. विळा बुडवून पाहायचं हे त्यांना कृषी सहायकाने सांगितलं की शेजारच्या बागेवाल्याने, हेही आठवत नाही. आठवते ती एका सालची बाग. गोडी छाटणीनंतरचा पाऊस, केवडा रोग दारात आलेला, घाई झालेली, आणि विळा न बुडवता पंप मारला. दोन दिवसांनी कोवळी पानं कडेने करपली. चुन्याने न बांधलेला मोकळा मोरचूद पानाला जाळतो. विस्थापनाचा पाठ झाला त्या दिवशी संध्याकाळी मी वहीत त्यांना तेच समीकरण काढून दाखवलं, लोखंड इकडून तिकडे आणि तांबं तिकडून इकडे. त्यांनी वही लांब धरून पाहिलं आणि विचारलं, ‘म्हणजे विळ्याचं लोखंड झिजतं?’ झिजतं, म्हणालो. ‘किती?’ हा प्रश्न माझ्या दहावीच्या वर्गात एकानेही विचारला नव्हता.

बोर्डोची जन्मकथा मी त्यांना सांगितली ती त्यांनी पुढे गावभर सांगितली. फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या आसपास द्राक्षमळे. रस्त्याच्या कडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून नेत, म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचा निळा, बेचव लेप शिंपडत. १८८० च्या दशकात तिकडे केवड्याने धुमाकूळ घातला, तेव्हा बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे यांच्या नजरेस आलं की पानं गळताहेत ती आतल्या वेलींची, कडेच्या निळ्या वेली धडधाकट आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रणाची कृती छापून टाकली. ‘चोर नसते तर निफाडला द्राक्ष नसतं,’ हा आजोबांनी काढलेला निष्कर्ष. शास्त्राला धरून नाही, पण मी दुरुस्त केला नाही.

आईच्या आईची गोष्ट कोरड्या बाजूची. ती सिन्नर तालुक्यातली. निफाडला पाटपाणी, सिन्नरला आभाळाकडे डोळे. १९७२ च्या दुष्काळात ती सत्तावीस वर्षांची होती, कडेवर माझी आई. गावाजवळ रस्त्याचं काम निघालं आणि सगळा गाव खडी फोडायला गेला. तेव्हाच्या गोष्टीत सुकडी असते, रेशनचा तांबडा मिलो असतो, आणि दगडाची कपची डोळ्यात जाऊन अधू झालेलं एखादं माणूस असतं. आजी हे सगळं भराभर सांगून टाकते. रेंगाळते ती ब्रासवर.

खडीचा मोबदला दिवसावर नव्हता, ढिगाच्या मापावर होता. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ढीग चौकोनी रचायचा, कारकून टेप घेऊन येणार, लांबी-रुंदी-उंची घेणार आणि मस्टरच्या वहीत आकडा टाकणार. त्यावर हप्त्याचा पगार. आजी सातवी शिकलेली. त्या कामावरच्या बायांमध्ये तेवढं शिकलेली ती एकटीच. तिच्या चौघींच्या टोळीचा ढीग दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच. कारकुनाने पाऊण ब्रास लिहिलं. आजी म्हणाली, ‘भाऊसाहेब, दाही पाच पन्नास, पन्नास दुणे शंभर. पाऊण कसं?’ तो म्हणाला, मध्ये पोकळी असते, ती वजा केली. आजी म्हणाली, ‘मग शेजारच्या ढिगाला पोकळी नाही का? तो तर तुम्ही पुरा धरलाय.’

शेजारचा ढीग कुणाचा होता हे ती सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून गावात आहेत. पण कारकुनाने पाऊण खोडून एक केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाया माप घ्यायच्या वेळी आजीला हाक मारू लागल्या. तिने कुणाला घनफळ शिकवलं नाही. ‘कशाला शिकवू? मी होते की,’ म्हणते. तिच्या शाळेतल्या गुरुजींनी घनफळ पाण्याच्या हौदावर शिकवलं होतं, हौदात किती घागरी मावतील वगैरे. गावात हौद नव्हता. ही उदाहरणं कोण घालतं पुस्तकात, याचा तिला तेव्हाही राग होता.

मोडीची गोष्ट थोडक्यात. पणजोबांच्या जमिनीचं खरेदीखत मोडीत आहे. आजोबांच्या लहानपणी मोडी शिकवणारे गुरुजी होते, ते निवृत्त झाले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर ती लिपी शाळेतून आणि सरकारी कामातून गेली. जुनाट म्हणून काढून टाकली याचं कुणालाही दुःख झालं नाही, आजोबांना तर मुळीच नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एकच प्रश्न उभा राहिला, मोडी वाचणारं कोण आहे? ज्यांनी हौस म्हणून किंवा पीएच.डी.च्या गरजेपोटी ती शिकून ठेवली होती, त्यांच्या दारात तहसील कचेरीचा माणूस येऊ लागला. सत्तर वर्षांपूर्वी ‘मोडी कशाला शिकायची?’ असं विचारणाऱ्या पोराला गुरुजींनी काय सांगायला हवं होतं?

आता देवळाली.

आजोबांचे चुलतभाऊ, आमचे नाना, देवळालीला लष्करी भांडारात कारकून होते. सुटीत त्यांच्याकडे राहायला गेलं की ते एका मास्तरांबद्दल सांगत. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन. विद्यार्थी असतानाच १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक, १९२९ मध्ये बी.एस्सी. एवढी हुशारी घेऊन हा माणूस १९३० मध्ये देवळालीच्या शाळेत मास्तर झाला आणि १९६२ पर्यंत, निवृत्त होईपर्यंत, मास्तरच राहिला. नानांना याचं नवल वाटे. मला आता वाटत नाही. शाळा सुटल्यावर जी संध्याकाळ उरते, ती त्यांनी आकड्यांना दिली होती.

आकडेही कसले? गणिताच्या मोठ्या लोकांनी ज्यांना पोरखेळ म्हटलं असले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसलेली. ते नोकरीला लागले ते साल घेऊ, १९३०. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ९३१०. चढत्या क्रमाने, ०१३९. वजाबाकी ९१७१. पुन्हा तेच, ९७११ वजा ११७९, आले ८५३२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणखी एकदा करा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत या आकड्यावर येऊन थांबता. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं.

त्यांच्याकडे असा मोठा खजिना होता, आणि नावंही त्यांनी घरची दिली. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी ती हर्षद संख्या. कुठल्याच संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती स्वयंभू संख्या. २० स्वयंभू, ३१ स्वयंभू, आणि करून पाहा, १०८ सुद्धा स्वयंभू. डोंबिवली स्टेशनावर गाडी बदलताना सुचल्या त्या डेम्लो संख्या. १६०२ चा वर्ग २५६६४०४. त्याचे २५६, ६४ आणि ०४ असे तुकडे पाडा, तिन्ही पुन्हा पूर्ण वर्ग. असल्या संख्यांना त्यांनी दत्तात्रेय संख्या म्हटलं. नाना इथे हात जोडत. देवाला की मास्तरांना, ते कळायचं नाही.

या सगळ्याचा उपयोग काय, हा प्रश्न कापरेकरांना शाळेतल्या पोरांनी विचारला असेल-नसेल, गणितज्ञांनी मात्र नक्की विचारला. ज्यांना पदव्युत्तर शिक्षण नाही अशा शाळामास्तरांचे निबंध मोठ्या नियतकालिकांना नको होते. मग त्यांनी स्वतःच पुस्तिका छापल्या. त्यांवर प्रकाशक म्हणून त्यांचं स्वतःचं नाव आणि पत्ता असे, खरे वाडा, देवळाली. निवृत्तिवेतन पुरत नव्हतं म्हणून म्हातारपणी शिकवण्या केल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर जगाला खरे वाडा कळला. १९८६ मध्ये ते गेले.

नानांना सगळ्यात जास्त काय खटकायचं, तर एवढ्या नावाचा माणूस आणि घर वाड्यातल्या खोल्यांचं. ते म्हणत, त्या ६१७४ ला बाजारात भाव असता तर. मला वाटतं, ६१७४ ला भाव नाही म्हणूनच ते अजून टिकून आहे. औटकी बाजारासाठी होती, बाजार बदलला तशी ती गेली. कापरेकरांच्या आकड्याला गिऱ्हाईकच नव्हतं, त्यामुळे त्याचं कुणी काही बिघडवू शकलं नाही. अर्थात, आजीच्या पाऊण ब्रासपुढे हे बोलायची माझी हिंमत नाही. तिथे गणिताने चार घरांत भाकरी आली, आणि तसलं गणित आधी यायला हवं, हेही खरंच.

दहावीला मी एक दिवस ‘कुठं लागतं’ न सांगता कापरेकर घेतले. आपापलं जन्मसाल घ्या म्हटलं. निम्मा वर्ग २००९ चा, सगळे तीन वजाबाक्यांत ६१७४ वर. २०१० वालेही तीनच वजाबाक्यांत. आजोबांच्या १९५७ ला सहा लागतात, ते मी घरून करून नेलं होतं. मग कुणीतरी तीन आकडे घेतले आणि ४९५ वर पोचलं. पाच आकडे घेतल्यावर गोंधळ उडाला. पहिल्या बाकावरची एक म्हणाली, सर, थांबतच नाही, ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि परत ६१९७४, नुसतं गोल फिरतंय. तिच्या मागची म्हणाली, तुझं चुकलंय, गोल आहे पण आकडे ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३ आहेत. दोघींनी वह्यांची अदलाबदल केली, एकमेकींच्या वजाबाक्या लाल पेनाने तपासल्या, एकही चूक सापडली नाही, आणि मग दोघी मिळून माझ्यावर आल्या की हे असं कसं.

सध्या सहा आकड्यांचं काम चालू आहे. टाचणवहीत मी ते ‘वजाबाकीचा सराव’ म्हणून लिहिलंय. दहावीला वजाबाकीचा सराव कशाला, असं अजून कुणी विचारलेलं नाही.